परत द्यायचे राहिलेले डबे

आमचं कॉलेज लहान होतं. किती लहान, तर सिडनीतल्या पॅरामाटाच्या एका ऑफिसच्या इमारतीतले मधले दोन मजले. खाली दातांचे डॉक्टर, वर कुठलीशी हिशेबतपासनिसांची कंपनी. लिफ्टमध्ये एक जण गाल धरून उभा असायचा, दुसरा फाइल धरून, आणि मधोमध आम्ही, कार्डबोर्ड आणि गोंदाच्या बाटल्या सांभाळत. माझा कोर्स बालशिक्षणाचा होता. चिंचवडच्या नातेवाइकांना मात्र वाटायचं, मी ऑस्ट्रेलियात शिकते म्हणजे हिरवळ असेल, घड्याळाचा मनोरा असेल. आईने कधी ‘दाखव ना तुझं कॉलेज’ म्हटलं की मी फोन घेऊन खाली यायचे आणि कॅमेरा नदीकडे वळवायचे. नदी तरी खरी होती.

त्या शेवटच्या वर्षाबद्दल कुणी विचारलं तर मी प्लेसमेंटचं, म्हणजे बालवाडीतल्या प्रत्यक्ष सरावाचं, सांगते, व्हिसाची धाकधूक सांगते, पहिल्या नोकरीचं सांगते. पण माझ्या मनात ते वर्ष डब्यांचं आहे. ते आठवलं की मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटता वाटता स्वतःचा रागही येतो.

मी हॅरिस पार्कला राहायचे, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या विटांच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. सोबत जालंधरची एक मुलगी होती. तळमजल्यावर डोंबिवलीचे काका-काकू. काकू वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला जायच्या, काका इंजिनिअर, बरेचदा घरूनच काम करायचे. मुलगा पर्थला. आमची ओळख जिन्यात झाली. मी फोनवर आईवर डाफरत चढत होते, ‘‘जेवले गं मी, किती वेळा सांगू!’’ आणि तळमजल्याचं दार उघडलं. पीठ लागलेले हात तसेच धरून एक बाई माझ्याकडे बघत होत्या.

‘‘खोटं बोलतेस ना आईशी? तोंड सुकलंय तुझं. आत ये.’’

मी आत गेले. काकांच्या कान उडालेल्या मोठ्या मगातून मला चहा मिळाला, ओट्याशी उभ्या उभ्या दोन थालीपिठं मिळाली आणि निघताना हातात स्टीलचा डबा आला. काकूंकडून रिकाम्या हाताने निघणं शक्यच नव्हतं. मी चपला घालायला लागले की त्या ‘थांब गं, दोन मिनिटं’ म्हणून आत पळायच्या. त्या दोन मिनिटांत डबा भरला जायचा, झाकण लागायचं, वरून कापडी पिशवी यायची. कधी मुगाची उसळ, कधी आमटी, कधी नुसताच तूप-मीठ घातलेला गरम भात, कारण मी दमलेली दिसत असायचे.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगते. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही. हे कुणी मला समोर बसवून शिकवलेलं नाही, पण चिंचवडच्या आमच्या सोसायटीत रिकामी वाटी परत नेणाऱ्या बाईबद्दल काय बोललं जायचं, ते मी पुष्कळ ऐकलेलं होतं. आई दोन लाडू घालायची, मूठभर शेंगा घालायची, कढीपत्त्याची डहाळी ठेवायची. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर. तेव्हा पहिला डबा मी घासून, पुसून, तळाशी साखर घालून परत नेला. काकूंनी झाकण उघडलं आणि इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून काका बाहेर आले.

‘‘अहो, बघा हिने काय आणलंय! अगं, आमचे हे डायबेटिक!’’

मीही हसले, पण कानशिलं तापली. पुढच्या वेळी मी विग्रॅम स्ट्रीटवरून विकतची मिठाई आणली. ‘यात साखर नाही’ असं मिठाईवाल्याने दोनदा शपथेवर सांगितलं होतं. काकूंनी ती घेतली आणि माझा कान धरला. अगदी खरोखरचा कान.

‘‘विकतचं आणायला तू काय परकी आहेस? आता जे आणशील ते स्वतःच्या हाताने करून आण. करपलेलं असलं तरी खाऊ आम्ही.’’

हे त्या मायेनेच बोलल्या, यात तेव्हाही मला शंका नव्हती. पण मला स्वयंपाक येत नव्हता. आईने ‘अभ्यास कर, ते काय पुढे येतंच’ म्हणत मला ओट्यापाशी कधी येऊ दिलं नव्हतं, आणि ते ‘पुढे’ अजून आलेलं नव्हतं. मी आणि माझी रूममेट ब्रेड, अंडी आणि पाकिटातल्या नूडल्सवर जगत होतो. तिसरा डबा घासून फ्रिजवर ठेवला. म्हटलं, रविवारी काहीतरी करू आणि देऊ. पहिल्या दोन वेळांसारखं फजित व्हायचं नव्हतं.

त्या रविवारी असाइनमेंट होती. त्याच्या पुढच्या रविवारीही होती. प्लेसमेंट सुरू झाली ती नेमकी केलीव्हिलला, पॅरामाटाहून बसने जायचं. सकाळी अंधारात निघायचं आणि दिवसभर तीन-तीन वर्षांच्या पोरांची नाकं पुसायची. संध्याकाळी घरी आल्यावर कोणत्या पोराने कोणता ठोकळा कशावर ठेवला आणि त्यातून त्याचा काय विकास झाला, यावर पानंच्या पानं लिहायची. माझ्या प्लेसमेंटचं काकूंना माझ्याहून जास्त कौतुक, कारण त्यांचं नवं घर तिथेच बांधलं जात होतं, माझ्या सेंटरच्या मागच्या रस्त्यावर.

‘‘जाता जाता बघत जा गं. विटा लागल्या का, ते बघ.’’

मी रोज बघायचे. दुपारच्या सुट्टीत सँडविच खात त्या प्लॉटपाशी जायचे आणि फोटो पाठवायचे. आधी नुसती लाल माती आणि एक पिवळं मशीन होतं. मग लाकडाचा सांगाडा उभा राहिला, मग विटा आल्या. काका लगेच उत्तर पाठवायचे, ‘ही किचनची खिडकी. इथून काकू तुझ्यावर लक्ष ठेवणार.’ त्या घराचं स्वयंपाकघर त्यांच्याआधी मी पाहिलं. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून आत डोकावून.

डबे मात्र येतच होते आणि फ्रिजवर साठतच होते. त्यातल्या एकाच्या झाकणावर नाव घातलेलं होतं, काकूंच्या आईचं, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. तो डबा दिसला की मला कसंसंच व्हायचं. जालंधरची रूममेट वैतागायची.

‘‘यार, डब्बा ही तो है. धो दिया ना? नीचे दे के आ जा.’’

‘‘खाली डब्बा वापस नहीं देते.’’

‘‘क्यूँ? बम है क्या?’’

तिला कसं समजावणार? एका डब्याचं ठीक असतं. दोन-तीन झाले की ते रिकामे न्यायला लाज वाटते. त्याहून जास्त झाले की भरून न्यायलाही लाज वाटते, कारण इतक्या दिवसांनी नेताना आत नुसते पोहे घालून चालत नाही. उशीर झाला की वस्तू मोठी लागते, मोठ्या वस्तूला वेळ लागतो आणि तेवढ्यात आणखी उशीर होतो. हे गणित मी त्या वर्षभरात फार मन लावून केलं. कॉलेजच्या एकाही विषयाला एवढं डोकं लावलं नसेल.

मग गणपतीच्या सुमारास एके दिवशी काकूंनी मला पातळ प्लास्टिकच्या डब्यात भाजी दिली. हॉटेलातून पार्सल येतं, तसल्या.

‘‘हा परत नको करूस हं. टाकून दे.’’

त्या हसून बोलल्या. मला मात्र जिने चढताना रडू आलं. स्टीलचे संपले असणार, किंवा या पोरीच्या हाती आता स्टील द्यायचं नाही असं ठरलं असणार. माझी पायरी उतरली, असं मी धरून चालले. सोसायटीत रिकाम्या वाटीवरून जे बोललं जायचं, ते सगळं मला काकूंच्या तोंडून ऐकू यायला लागलं. काकू बिचाऱ्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी मागच्या जिन्याने जायला लागले, जिथे कचऱ्याचे मोठे डबे असतात तिथून. घराचे फोटो पाठवायचे, पण खाली जायचे नाही. चहाला बोलावलं तर ‘असाइनमेंट आहे काकू’ म्हणायचे, आणि असाइनमेंट खरोखरच असायची, म्हणून तर निभावून गेलं. हळूहळू बोलावणीही कमी झाली. शेवटचं वर्ष आहे, पोरीला त्रास नको, असं त्यांना वाटलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त फ्रिजवरचे डबे होते.

पदवीदान समारंभ डिसेंबरात होता. कॉलेजने गावातला एक हॉल घेतला होता आणि प्रत्येकाला घरच्यांसाठी दोन जागा मिळणार होत्या. दोन म्हणजे आई आणि बाबा, हे मी पहिल्या वर्षापासून धरून चालले होते. पण ताईचं बाळंतपण नेमकं त्याच महिन्यात आलं.

‘‘पहिलटकरीण आहे गं ती. तिला सोडून मी कशी येऊ? आणि बाबा एकटे विमानात बसणार आहेत का?’’ आई फोनवर रडवेली झाली होती. मग तिनेच मार्ग काढला. ‘‘त्या खालच्या काकू आहेत ना तुझ्या? त्यांना दोघांना घेऊन जा. माझ्या जागी त्या बसतील. मला खूप बरं वाटेल. आणि काय गं, त्यांचे डबे परत करतेस ना?’’

‘‘हो आई.’’

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं, की मलाही तेच हवं आहे. परदेशात मला दुपारी भात कुणी खाऊ घातला, फोटोंना उत्तरं कुणी दिली? माझं नाव पुकारलं जाईल तेव्हा त्या दोन खुर्च्यांवर दुसरं कुणी बसावं असं मला वाटत नव्हतं. आता विचारायचं. पण विचारायला जायचं ते डबे घेऊन, आणि डबे भरून.

मी चिवडा करायचं ठरवलं. गोड नाही, काकांना चालेल, आणि सगळे डबे एकदम भरतील. आईला व्हिडिओवर लावलं, पातळ पोहे आणले, तेल तापवलं. ‘मिरची घालण्याआधी गॅस बारीक कर’ असं आई म्हणाली आणि नेमका तेवढ्यात फोन अडकला. मिरच्या, शेंगदाणे, कढीपत्ता सगळं काळं झालं. स्मोक अलार्म बोंबलायला लागला, रूममेट खुर्चीवर चढून टॉवेलने त्याला वारा घालत होती आणि मी खोकत खोकत खिडक्या उघडत होते. अलार्म थांबल्यावर आम्ही दोघी जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

रूममेटने काळ्या शेंगदाण्यांमधला एक बरासा वेचून खाल्ला. ‘‘ठीक तो है. दे दे.’’

‘करपलेलं असलं तरी खाऊ आम्ही’ हे काकूंचं वाक्य मला त्या क्षणी आठवलं होतं. अगदी स्पष्ट आठवलं होतं. आणि तरी मी तो चिवडा कचऱ्याच्या पिशवीत ओतला. इतक्या महिन्यांनंतर हे काळं काय घेऊन जायचं? तीच पिशवी टाकायला खाली गेले, तर मागच्या जिन्यापाशी काकू. शिफ्टवरून परत येत होत्या, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड तसंच होतं.

‘‘अगं, किती दिवसांनी! काय जळलं मगाशी?’’

‘‘काही नाही, टोस्ट.’’

‘‘बरं. तुझं ते कॉन्व्होकेशन कधी आहे गं?’’

त्यांनी विचारलं होतं. आपण होऊन, थांबून, माझ्याकडे बघून विचारलं होतं. माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती आणि तिच्यात त्यांच्याच नावाने केलेला चिवडा. असं उभ्या उभ्या, कचऱ्यापाशी कुणाला आमंत्रण देतात का? दोन दिवसांत नीट काहीतरी करू, दोन्ही हातांनी डबे देऊ, नमस्कार करू आणि मग बोलवू, असा मी विचार केला.

‘‘अजून ठरलं नाही काकू.’’

‘‘ठरलं की सांग हं. मला शिफ्ट बदलून घ्यावी लागते.’’

‘‘हो, सांगते ना.’’

ते दोन दिवस आलेच नाहीत. शेवटचा रिपोर्ट परत आला, तो पुन्हा लिहिला. समारंभाच्या आदल्या दिवशी मी खाली जाऊन बेल दाबली, हातात काही न घेता. दार उघडलं नाही. काकू कामावर होत्या आणि काका केलीव्हिलला फरशीवाल्याकडे, हे नंतर कळलं. तेव्हा मी फोन करू शकले असते. पण आदल्या दिवशी, फोनवर? मोठ्या माणसांना असं बोलावणं म्हणजे अपमान, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात थोडंसं सुटल्यासारखंही वाटलं होतं, हे आज लिहिताना नको वाटतंय.

माझ्या दोन जागा मी वर्गातल्या एका नेपाळी मुलाला दिल्या. त्याच्याकडून सहा जण येणार होते. माझं नाव पुकारलं तेव्हा त्याची मावशी माझ्या खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि आपल्याच भाचीसाठी वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. फार चांगली बाई. मी तिच्याकडे बघून हसले आणि डोळ्यांत पाणी आलं. फोटोत ते आनंदाचं वाटतं. आईने तोच फोटो सगळ्यांना पाठवला.

संध्याकाळी भाड्याचा गाऊन पिशवीत कोंबून घरी आले, तर काका पत्रपेट्यांपाशी उभे.

‘‘अरे वा! झालं वाटतं? अभिनंदन, अभिनंदन!’’ त्यांनी मनापासून हात मिळवला. ‘‘तुझ्या रूममेटने सांगितलं आज आहे म्हणून. काकूने रजा टाकली होती.’’

मी गाऊनची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘‘तिला आपलं वाटलं, ऐनवेळी सांगशील. गडबडीत असशील. सकाळी साडी नेसून तयार होती. मग दुपारी बदलली.’’ माझा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, ‘‘अगं, नो वरीज, होतं असं. जागा कमी असतात ना?’’

‘‘हो काका. कमी होत्या.’’

मी त्यांच्या दारापर्यंत गेले. आत कुकरची शिट्टी झाली. काकू घरात होत्या, चार पावलांवर. बेलवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. त्या साडी बदललेल्या बाईसमोर मी काय म्हणून उभी राहणार होते?

जानेवारीत ते केलीव्हिलला गेले. ट्रक आला तेव्हा मी कामावर होते. मला नोकरी लागली होती, दुसऱ्याच उपनगरात.

डबे घेऊन मी गेले ते जूनमध्ये, इथली थंडी सुरू झाल्यावर. तोपर्यंत मी चिवडा शिकले होते. तीन-चारदा करून, रूममेटला खायला घालून, पक्का. सगळे डबे भरले, नाव घातलेला सर्वांत वर ठेवला आणि बसने गेले. रस्ता पाठ होता. ज्या खिडकीच्या चौकटीतून मी आत डोकावले होते, तिला आता काच होती, पडदा होता, आत तुळशीची कुंडी होती.

काकूंनी दार उघडलं. ‘‘अय्या, तू! ये ये.’’ मला सोफ्यावर बसवलं. मी ओट्यापाशी जायला उठले तर म्हणाल्या, ‘‘बस गं, पाहुणी आहेस.’’ चहा ट्रेमधून आला, बशीसकट नव्या कपांत, शेजारी बिस्किटं मांडलेली. काकांचा तो मग दिसला नाही. मी पिशवी पुढे केली आणि पाठ करून आणलेलं सगळं बोलायला लागले, उशीर झाला, मला लाज वाटत होती, त्या समारंभाच्या वेळी मला खरं म्हणजे…

‘‘अगं, असू दे. डब्यांचं काय एवढं!’’ काकूंनी मध्येच थांबवलं. ‘‘परत द्यायचं तुझ्या जिवावर येतंय हे दिसत होतं मला. म्हणून तर प्लास्टिकचे सुरू केले. म्हटलं, परत द्यायचं ओझं नको, पोरगी निदान जेवायला तरी येत राहील.’’

त्यांनी चिवडा चाखला, ‘छान झालाय’ म्हणाल्या. आईच्या नावाचं झाकण पदराने पुसलं आणि डबे आत नेले. मग मेट्रोबद्दल बोललो, माझ्या नोकरीबद्दल बोललो, ताईच्या बाळाबद्दल. समारंभाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला परत काढू दिला नाही.

निघताना मी दारापाशी बसून बूट घातले. एका बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आत स्वयंपाकघरात कुकर नुकताच उतरला होता, आमटीचा वास येत होता. मी दुसरा बूटही तसाच, फार सावकाश घातला. ‘थांब गं, दोन मिनिटं’ एवढंच मला ऐकायचं होतं.

काकू दार धरून उभ्या होत्या.

‘‘नीट जा हं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ये कधीतरी.’’